पौंडाचं कार्ड आणि पहिल्या मजल्यावरचं दुकान: सव्वापाच महिन्यांचा अनुभव

लेकीच्या बाळंतपणासाठी मी ३ मे ते १२ ऑक्टोबर २०२५ इंग्लंडात लीड्सला होते. जाण्याआधी पुण्यात डेक्कनच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर असलेल्या परकीय चलनाच्या दुकानातून पौंडाचं फॉरेक्स कार्ड (परदेशात वापरायचं, आधी पैसे भरून ठेवलेलं कार्ड) आणि थोड्या नोटा घेतल्या. परत आल्यावर उरलेले पैसे तिथेच मोडले. दुकान कसं आहे आणि कार्ड कसं चाललं, हे दोन्ही सांगते. पण त्याआधी माझी परिस्थिती सांगावी लागेल, कारण माझ्यासारखं कर्ज डोक्यावर असताना जाणारी बाई आणि पेन्शन घेऊन निवांत जाणारं जोडपं यांचं गणित एक नसतं.

सदाशिव पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मी आणि एक कारागीर मावशी. घराचा हप्ता यजमानांच्या पगारातून जातो. दुकानाचं कर्ज माझ्या नावावर: २०२१ साली मुद्रा योजनेतून, किशोर गटात, साडेतीन लाख घेतले होते. दोन मशिनं, ओव्हरलॉक आणि दुकानाचं फर्निचर त्यातून झालं. महिन्याला ७,८५० चा हप्ता, ५ तारखेला खात्यातून आपोआप जातो. दुकानाचं भाडं ९,००० आणि वर भिशीचे ५,०००. मी दुकानात नसले तर मावशी पिको-फॉल, साधे ब्लाउज आणि उसवाउसवी सांभाळते, पण कटोरी आणि प्रिन्सेस कटची गिऱ्हाइकं माझ्या कात्रीसाठी येतात. म्हणजे मे-जूनच्या लग्नांचे उरलेले मुहूर्त, गौरी-गणपती, नवरात्र, सगळं हातचं जाणार होतं. तिकीट लेकीने काढलं. खरा खर्च होता तो या बुडणाऱ्या कमाईचा, आणि तो कुठल्याच ट्रॅव्हलवाल्याच्या कागदावर लिहिलेला नसतो.

व्हिसाची कागदं भरून देणाऱ्या एका माणसाने मला सरळ सांगितलं होतं, "ताई, तीन लाखांचं पर्सनल लोन उचला, खात्यात दाखवा, फिरून या, मग फेडा." मी घरी येऊन वहीत मांडून पाहिलं. तीन लाख, १४ टक्के, तीन वर्षं: हप्ता १०,२५३. व्याजच ६९ हजारांच्या वर. मशीनचा हप्ता धरला तर महिन्याला अठरा हजार, आणि तेही नेमके मी कमवत नसतानाच्या महिन्यांत सुरू होणार. शिवाय खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर इंग्लंडच्या व्हिसाचे अधिकारी ती कुठून आली हे बघतात. मी माझं खरं स्टेटमेंट, छोट्या धंद्याच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, लेकीचं बोलावणं आणि तिच्या पगाराच्या पावत्या लावल्या. मार्चमध्ये अर्ज केला तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसाची फी ११५ पौंड होती (एप्रिलपासून १२७ झाली). व्हिसा मिळाला.

पैसे उभे केले ते असे. एक ठेव एप्रिलमध्ये पिकणार होती. भिशीत आम्ही बारा जणी आहोत. मार्चची चिठ्ठी दुसऱ्या मैत्रिणीला लागली होती, तिने मला पाळी बदलून दिली आणि ६०,००० हातात आले. भिशी आधी उचलली की तेही कर्जच. व्याज नाही एवढंच, पण पुढचे नऊ हप्ते देणं बांधलेलं असतं, आणि तिथे बँकेची नोटीस येत नाही, मैत्रिणीचं तोंड बघावं लागतं. मला ते जास्त जड वाटतं.

हे सगळं डोक्यात घेऊन एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात गेले. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. आत एक लांब काउंटर, मागे नोटा मोजायचं मशीन, भिंतीवर फ्रेममध्ये रिझर्व्ह बँकेचा परवाना. तो परवाना मी आधी वाचला. पत्ता तोच आहे ना, मुदत संपलेली नाही ना, ते पाहिलं. काउंटरवरच्या काकांना त्याचा राग आला नाही, उलट म्हणाले, "बघून घ्या, बघायलाच लावलाय."

मी म्हटलं, दीड हजार पौंड कार्डावर भरून द्या. कुणीतरी सांगितलं होतं की जाताना भरपूर भरून जावं. काकांनी लगेच पावतीपुस्तक ओढलं नाही. राहणार कुठे? लेकीकडे. भाडं नाही? नाही. जेवण घरी? हो. किती दिवस? मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: बस, भाजी-फळं, बाळासाठी घ्यायचं ते, औषधं. बेरीज करून म्हणाले, "नऊशे पुरे होतील. कमी पडले तर इथून भरता येतात, तुम्हाला यावंही लागणार नाही. जास्त नेलेत आणि परत आणलेत, तर विकताना दर पडतो, दोन्हीकडून तुमचंच नुकसान." पुढचं वाक्य असं होतं: "इथले हप्ते किती आहेत तुमचे? ते आधी बाजूला काढलेत का?"

मी काढले नव्हते. मी धरून चालले होते की मावशीच्या कमाईतून आणि यजमानांकडून ते दर महिन्याला होत जातील. वहीतलं पान मी त्यांच्यासमोर उघडलं आणि तिथेच मांडलं. मशीनचा हप्ता मे ते नोव्हेंबर सात वेळा, ५४,९५०. नोव्हेंबर अशासाठी, की आल्या आल्या पहिल्या महिन्यात दुकान लगेच भरत नाही. भाडं सहा महिने, ५४,०००. भिशी सात महिने, ३५,०००. एकूण १,४३,९५०. दीड हजार पौंड घेतले असते तर यात जवळजवळ ६८ हजारांची तूट पडली असती. ज्या दुकानाला माझ्याकडून जास्त पौंड विकून फायदा होणार होता, त्याच दुकानातून मी सहाशे पौंड कमी घेऊन बाहेर पडले. दुकानाबद्दल मला सर्वांत आधी हेच सांगायचंय.

घरी येऊन एक जुनं, न वापरलेलं बचत खातं होतं, त्यात ती सगळी रक्कम टाकली. मशीनच्या कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो तिथे दर महिन्याच्या २ तारखेला पैसे जातील अशी कायमची सूचना बँकेत देऊन ठेवली. २०२३ मध्ये एकदा माझा हप्ता परत गेला होता, गिऱ्हाइकाचा चेक वेळेवर वटला नाही म्हणून. ५९० रुपये दंड लागला आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, तो डाग बसला. दंडाचं काही नाही, पण पुढचं कर्ज मागायला गेलं की तो डाग आधी दिसतो. परदेशात बसून असं पुन्हा झालं असतं तर मला झोप लागली नसती.

आता दर. त्या दिवशी मोबाइलवर पौंड ११२ च्या आसपास दिसत होता. दुकानात कार्डासाठी ११३.६० आणि नोटांसाठी ११५. मोबाइलवर दिसतो तो दर बँका आपापसात लावतात, आपल्याला तो कुठेच मिळत नाही. त्यामुळे "गूगलपेक्षा महाग" ही तक्रार मी करणार नाही. मी तीन ठिकाणी विचारलं होतं आणि नऊशे पौंडांच्या मागे सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत स्वस्त यांत सोळाशे रुपयांचा फरक होता. फोनवर विचारताना "सगळं धरून हातात किती पौंड, खिशातून किती रुपये" एवढंच विचारा. काही जण दर कमी सांगतात आणि कार्डाची फी, सेवाशुल्क वरून लावतात. जीएसटी सगळीकडे सारखाच असतो, कारण तो सरकारी सूत्राने लागतो: पहिल्या एक लाखावर रकमेचा एक टक्का (पण कमीत कमी २५० रुपये) मूल्य धरतात, त्यापुढे अर्धा टक्का, आणि त्या मूल्यावर १८ टक्के. माझ्या कार्डाच्या १,०२,२४० रुपयांवर १८२ रुपये लागले आणि दोनशे पौंडांच्या नोटांवर ४५. पावतीवर दोन्ही वेगळे लिहिलेले होते. कार्डाची फी १५०.

माझ्या क्रेडिट कार्डावर परदेशातल्या खर्चाला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे ४.१३ टक्के. शंभर पौंडांच्या खरेदीला साधारण ४६७ रुपये जास्तीचे. शिवाय तो खर्च बिलाच्या तारखेपर्यंत दिसत नाही आणि एखादं बिल चुकलं की परतल्यावर नवीन कर्ज उभं राहतं. कार्डात आधी भरलेले पैसे असले की संपले म्हणजे संपले. मला तो लगाम हवा होता.

कागदं: पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन आणि ए-टू नावाचा एक फॉर्म. पन्नास हजारांच्या वरची रक्कम रोख घेत नाहीत, खात्यातूनच द्यावी लागते, आणि ते बरोबरही आहे. मला शेजारणीने घाबरवलं होतं की परदेशी पैसे घेतले की २० टक्के टीसीएस (जागेवरच घेतला जाणारा आयकर) कापतात. तसं नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्या वरच्या रकमेवर कापतात, आणि कापलेलं विवरणपत्र भरताना हिशेबात मिळतं. आधी ती मर्यादा ७ लाख होती. टूर कंपनीच्या पॅकेजला मात्र पहिल्या रुपयापासून लागतो, त्याचा नियम वेगळा.

नोटांचा प्रसंग सांगायलाच हवा. आमच्या सोसायटीतल्या काकूंनी प्रेमाने वीस-वीसच्या तीन नोटा दिल्या होत्या. त्यांचा मुलगा पूर्वी तिथे होता, तेव्हापासून कपाटात होत्या. "तुला उपयोगी पडतील, मला रुपये दे नंतर." मी त्या पर्समध्ये घेऊनच दुकानात गेले होते. काकांनी त्या हातात घेतल्या, दोन बोटांत चोळल्या, आणि ड्रॉवरमधून आपली एक वीसची नोट काढून शेजारी ठेवली. "हात लावून बघा." मी आयुष्यभर कापड हाताने ओळखत आले. एक खरंच कागद होता, दुमडल्यावर घडी राहणारा. दुसरी गुळगुळीत, प्लास्टिकसारखी, आणि तिच्यात आरपार दिसणारी छोटीशी खिडकी. इंग्लंडात कागदी वीस आणि पन्नासच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत. त्या बाद झाल्या म्हणजे किंमत गेली असं नाही, बँक ऑफ इंग्लंड त्या बदलून देते, पण दुकानात दिल्या तर परत करतात. राणीचं चित्र असलेल्या नव्या नोटा चालतात, राजा चार्ल्सच्या जून २०२४ पासून आल्या आहेत, त्याही चालतात. काकूंच्या नोटा मी लेकीला दिल्या, तिने तिथे बदलून घेतल्या आणि मी काकूंचे रुपये दिले. पण विमानातून उतरून त्याच नोटा बसमध्ये काढल्या असत्या तर माझी काय अवस्था झाली असती!

मला मिळालेल्या दोनशे पौंडांत पाच आणि दहाच्याच नोटा जास्त होत्या, मी न मागता. हे फार उपयोगी पडलं. विमानतळावर आत गेल्यावर एका काउंटरवर पौंडाचा दर १२२ लिहिलेला पाहिला. नोटा तिथे घ्यायच्या असं ज्यांनी ठरवलं असेल त्यांनी एवढा एक आकडा लक्षात ठेवावा.

कार्ड तिथे कसं चाललं?

बसमध्ये, भाजीच्या दुकानात, औषधाच्या दुकानात, सगळीकडे टेकवलं की झालं. तेव्हा तिथे शंभर पौंडांपर्यंत पिन न टाकता नुसतं टेकवून पैसे देता येत होते. बसचं एका फेरीचं तिकीट इंग्लंडात तेव्हा जास्तीत जास्त तीन पौंड होतं, ही सवलत चालू होती म्हणून मी निर्धास्त फिरले. पहिले आठ दिवस मी प्रत्येक गोष्टीला ११३ ने गुणत होते. कोथिंबिरीची जुडी सुद्धा. मग लेक म्हणाली, "आई, गुणू नकोस, आठवड्याला पन्नास पौंड धर आणि त्यात बसव." ते जमलं. कार्डाच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक खर्च लगेच दिसतो, मी रात्री बाळ झोपलं की वहीत उतरवून घेत असे.

लीड्सला कर्कगेट मार्केट नावाचा मोठा जुना बाजार आहे. मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीची सुरुवात तिथल्याच एका पेनी बझारमधून १८८४ साली झाली, त्याचा मान ते लोक अजून राखून आहेत. मला तिथे ओढ लागली ती कापडाच्या गाळ्यांची. हे शहरच लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेलं. सुती कापडाचा एक गाळा पाहून मी थांबले, बाळाची गोधडी आणि दोन टोपडी शिवायची होती. मऊ सुती कापड, अस्तर, धागे मिळून ४२ पौंड झाले. लेक घरी होती, मी एकटी. दुकानदाराने मशीन माझ्याकडे वळवलं. पडद्यावर दोन ओळी आल्या: वर रुपये, ५,०६५, आणि खाली ४२ पौंड. कोणती निवडू असं विचारत होतं. इतक्या दिवसांनी रुपया दिसला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं, मी वरचं बटण दाबलं.

संध्याकाळी अ‍ॅपमध्ये पाहिलं तर कार्डातून ४५.६० पौंड गेले होते. मी चक्रावलेच. कार्ड पौंडाचं, दुकान पौंडाचं, मग साडेतीन पौंड कुठे गेले? झालं असं की मशीनने आपल्या चढ्या दराने पौंडाचे रुपये केले. मग माझं कार्ड पौंडाचं असल्यामुळे त्या रुपयांचे परत पौंड झाले आणि दुसरं चलन वापरल्याबद्दलचा आकार वर लागला. एकाच कापडाला दोनदा पाणी घातलं आणि दोन्ही वेळा ते आटलं. चारशे रुपयांच्या वर गेले. दुकानदाराने फसवलं नाही, बटण मीच दाबलं. पण दुकानातल्या काकांनी सूचनांचा जो छापील कागद दिला होता त्यात हे नव्हतं. परत आल्यावर मी त्यांना सांगितलं, की हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून द्या: मशीनने रुपये विचारले तरी पौंडच दाबायचं. एटीएमवरही तोच प्रश्न येतो, तिथेही तेच.

एटीएममधून मी एकदाच पैसे काढले. कार्डाचा आकार दोन पौंड लागला. तिथल्या बऱ्याच मशिनांवर स्वतःचा आकार नसतो, पण छोट्या किराणा दुकानाबाहेरच्या काही मशिनांवर असतो आणि तो पडद्यावर आधी दिसतो. वाचून मग बटण दाबावं.

कार्डाची खरी तक्रार जूनमधली आहे. सहा आठवडे नुसतं टेकवून टेकवून मी पिन विसरले. एका मोठ्या दुकानात, आपलं आपण बिल करायच्या मशीनवर, कार्डाने अचानक पिन मागितला. काही वेळा टेकवून झालं की मशीन मध्येच खात्री करून घेतं, हे मला माहीत नव्हतं. मी इथल्या डेबिट कार्डाचा पिन टाकला. चुकीचा. पुन्हा तोच. चुकीचा. तिसऱ्यांदा घाबरून आणखी एक, आणि कार्ड बंद. मागे रांग, पिशवीत डायपर आणि दूध. पर्समधल्या नोटांनी वेळ निभावली.

कार्ड देणाऱ्या बँकेच्या मदत क्रमांकावर मी परदेशी कॉलने चाळीस मिनिटं थांबले. मग सांगण्यात आलं की नोंदवलेल्या ईमेलवरून अर्ज पाठवा. पाठवला. दोन दिवस लागले. सहा-सात महिन्यांसाठी परदेशी जाणारी माणसं हेच कार्ड घेतात, त्यांच्या हातात दुसरं काही नसलं तर त्यांनी दोन दिवस काय खायचं? ही गोष्ट मी सोडून देणार नाही. दुकानातल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅप केला होता, त्यांनी पुण्यातून बँकेच्या माणसाला फोन केला म्हणून दोनच दिवसांत सुटलं, असं मला वाटतं. तेव्हापासून मी पिन मनात ठेवायला आठवड्यातून एकदा मुद्दाम कार्ड मशीनमध्ये घालून वापरत होते.

ऑगस्टमध्ये पैसे कमी पडणार हे जुलैतच वहीत दिसू लागलं, बाळाचं बाबागाडीचं ठरलं होतं आणि ते माझ्याकडून असं मी म्हटलं होतं. चारशे पौंड भरायला दुकानाला कळवलं. दर ११८.४०. म्हणजे एप्रिलपेक्षा पौंडामागे ४.८० जास्त, चारशेला १,९२० रुपये. माझ्या भावाने लगेच म्हटलं, "बघ, तेव्हाच दीड हजार घ्यायचे होते." मला ते पटत नाही. तेव्हा घेतले असते तर हप्त्यांच्या खात्यातून ते घ्यावे लागले असते. एप्रिलमध्ये पौंड वर जाणार की खाली हे मला कुणी सांगितलं असतं? हप्ता मात्र ५ तारखेलाच येणार होता, याबद्दल शंका नव्हती.

भरणा करताना एक अडचण झाली. शुक्रवारी संध्याकाळी रुपये पाठवले, कार्डावर पौंड सोमवारी दुपारी दिसले. दुकान शनिवारी अर्धा दिवस, रविवारी बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलेला दर अर्धाच तास धरतात, तेवढ्यात पैसे पोहोचले नाहीत तर नवा दर. आणि पैसे पाठवायला बँकेचा ओटीपी लागतो, तो इथल्या सिमवर येतो. मी जाण्याआधी सिमवर रोमिंग चालू करून ठेवलं होतं आणि सव्वापाच महिने सिम फोनमध्येच होतं. आलेल्या एसएमएसचे पैसे कटले नाहीत. दुकानाचं भाडं आणि भिशी यूपीआयने तिथूनच वेळेवर गेली. कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप पैसे कापायची परवानगी दिली असते तिथे १५,००० च्या वर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. माझ्या आरोग्यविम्याचा जुलैचा हप्ता २१,००० चा होता, तो मात्र न विचारता गेला. विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना डिसेंबर २०२३ पासून एक लाखापर्यंत ती सूट आहे. जाण्याआधी आपले कोणते हप्ते कशात बसतात ते एकदा पाहून ठेवावं.

प्रवास विमा मी १९ हजारांचा घेतला, यजमानांना जास्त वाटला. पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिथल्या सरकारी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागतं. ते कर्ज फेडायला मला किती ब्लाउज शिवावे लागले असते ते मी मोजलं नाही, मोजवलं नाही.

आणखी एक. तिथल्या आपल्या बायकांना मी शिवते हे कळलं आणि दोघी-तिघी नवरात्राच्या साड्यांचे ब्लाउज घेऊन आल्या, पैसे देते म्हणाल्या. पौंडात मजुरी! मन झालं, खोटं कशाला सांगू. पण पाहुण्याच्या व्हिसावर काम करून पैसे घेता येत नाहीत. मी नाही म्हटलं. एकीला हुक-काजं करायला शिकवलं, एवढंच.

आल्यावर दिवाळीच्या गडबडीत पुन्हा तो जिना चढले. कार्डावर १४० पौंड उरले होते आणि पर्समध्ये नोटा ३०. उरलेल्या नोटा परतल्यापासून १८० दिवसांत परत कराव्या लागतात, पण दोन हजार डॉलरच्या मोलापर्यंत जवळ ठेवता येतात, म्हणून त्या ३० मी ठेवल्या, लेक पुढच्या वर्षी येईल तेव्हा तिच्या हातात देईन. कार्डावरचे काकांनी ११४ ने मोडले. त्या दिवशी बाजारात पौंड ११८ च्या आसपास होता, म्हणजे चार रुपये पडले, हे त्यांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. पैसे तीन दिवसांनी खात्यात आले.

दुकानाला मी पाचातले साडेचार देईन. अर्धा कापला तो त्या जिन्यासाठी, रविवारच्या सुट्टीसाठी आणि मशीनवरच्या रुपयांबद्दल आधी न सांगितल्यासाठी. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी फोन करा, ते कागद खाली येऊन घेतात, माझ्यासमोर एका आजोबांचे घेतले. कार्डाला तीन. रोजच्या वापराला चोख, दर बांधलेला, खर्च लगेच दिसणारा. पण बंद पडलं तर बँकेची मदत फार तोकडी, म्हणून त्याच्या जोडीला दुसरं एखादं कार्ड आणि शंभर-दीडशे पौंडांच्या सुट्ट्या नोटा असल्याशिवाय एकट्या बाईने जाऊ नये.

मोडलेल्या पौंडांचे जीएसटी वजा जाऊन १५,९१५ आले. ते मी हप्त्यांच्या त्याच खात्यात टाकले. डिसेंबर आणि जानेवारीचे मशीनचे हप्ते त्यातून जातील. मग राहिला फेब्रुवारीचा, तो शेवटचा.